एका नळीत दोन सूर

क्लॅरिनेटवर एका वेळी एकच सूर वाजतो, ही समजूत इतकी पक्की आहे की दोन सूर ऐकू आले की लोक आधी वाद्याकडे संशयाने बघतात, मग वाजवणाऱ्याकडे. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात तेच झालं. भाच्याची मुलगी तिकडे अमेरिकेत कॉलेजात क्लॅरिनेट शिकते. तिने चार मिनिटांचं एक रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात नुसत्या श्वासाचा आवाज होता, चाव्यांची टकटक होती आणि मधूनच दोन-तीन सूर एकमेकांवर घासल्यासारखे एकदम वाजत होते. लगेच शेरे सुरू झाले. कुकरची शिट्टी. रिक्षाचा हॉर्न. एका मेहुण्यांनी तर तेलाच्या बुधलीचं चित्र पाठवलं! भाच्याने मला वेगळा फोन केला. म्हणाला, "आत्या, तुझं ऐकते ती. तिला सांग, आधी सरळ वाजवायला शीक म्हणावं."

तर मंडळी, हा लेख म्हणजे त्या फोनचं उत्तर. फोनवर देण्याजोगं नव्हतं, लांब होतं. थोडक्यात सांगायचं तर मी तिला तसं काहीही सांगणार नाहीये.

आधीच सांगते, मी वाजवणारी नव्हे. तानसेन नसले तरी कानसेन मात्र आहे. गेल्या चार-पाच वर्षांत, मुख्यतः त्या मुलीमुळे, या विषयावरचं जे मिळेल ते ऐकलं आणि वाचलं. इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली, पण वाचली.

या सगळ्या प्रकाराला तिकडे 'एक्स्टेंडेड टेक्निक्स' म्हणतात. विस्तारित वादनतंत्र म्हणूया. नेहमीचा गोल, गुळगुळीत सूर सोडून वाद्यातून जे जे काढता येतं ते सगळं यात येतं. जीभ 'र्रर्र' अशी फिरवत फुंकणं, जिभेने पत्ती ओढून फटकन सोडणं, वाजवता वाजवता गुणगुणणं, न फुंकता नुसत्या चाव्या आपटणं, दोन सुरांच्या मधला पाव सूर वाजवणं, श्वास न तोडता वाजवत राहणं, आणि एकदम अनेक सूर काढणं, ज्याला मल्टिफोनिक म्हणतात. मला स्वतःला हा 'विस्तारित' शब्दच पटत नाही. त्याच्याकडे नंतर येते.

हे वाद्य मुळात जरा विक्षिप्त आहे, ते आधी समजून घ्यायला हवं. बासरीत जोराने फुंकलं की सा चा वरचा सा येतो. सॅक्सोफोनमध्ये मागची चावी दाबली की तसंच होतं. क्लॅरिनेटमध्ये मागची चावी दाबली तर वरचा सा येतच नाही, एकदम त्याच्याही वरचा प येतो! कारण नळी सरळसोट, पत्तीच्या बाजूने बंद, आणि अशा नळीत विषम क्रमांकाचे स्वरांशच जोर धरतात. पहिल्यानंतर थेट तिसरा. १७०० च्या सुमाराला जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग गावी योहान क्रिस्टोफ डेनर नावाच्या कारागिराने हे वाद्य घडवलं असं मानतात. तेव्हापासून पुढची दीडशे वर्षं कारागिरांनी त्या प पर्यंतची मधली जागा भरण्यासाठी चाव्यांवर चाव्या चढवल्या. आज जगभर जे चालतं त्या फ्रेंच पद्धतीच्या क्लॅरिनेटला १७ चाव्या आणि ६ कडी असतात. एवढं लोखंडी सामान अंगावर असूनही सात भोकं मात्र बोटांनीच झाकायची असतात, आपल्या बासरीसारखी. हे फार महत्त्वाचं आहे. बोट भोकावर असलं की ते हळूहळू सरकवता येतं, आणि बोट सरकलं की मींड आली.

मींड म्हटलं की जॉर्ज गर्श्विनच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'ची सुरुवात सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १२ फेब्रुवारी १९२४, न्यूयॉर्कमधला इओलियन हॉल, पॉल व्हाइटमनचा वाद्यवृंद. गर्श्विनने कागदावर लिहिलं होतं ते साधं होतं: खालच्या सुरावर कंप आणि मग सतरा सुरांची चढती सरगम, एकेक सूर सुटा. क्लॅरिनेटवर रॉस गॉर्मन होता. तालमीत त्याने थट्टा म्हणून त्या सरगमीचा वरचा भाग सरळ ओढत नेला, कुणीतरी गळा काढावा तसा. गर्श्विनला ते इतकं आवडलं की कार्यक्रमात असंच, किंबहुना याहून जास्त ओढून वाजव म्हणाला. आज शंभर वर्षं उलटून गेली, त्या रचनेचं नाव घेतलं की लोकांच्या कानात तेवढंच वाजतं. रचनाकाराने जे लिहिलंच नव्हतं ते!

ही ओढ नुसत्या बोटांनी निघत नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये वाजवणाऱ्यांच्या तोंडातले आवाज मोजून दाखवलं की असं वाजवताना वादक जीभ आणि घसा अशा बेताने ठेवतो की तोंडाच्या पोकळीचा घुमारा नळीच्या घुमाऱ्याला वरचढ होऊ लागतो. मग पत्ती नळीचं न ऐकता तोंडाचं ऐकते. म्हणजे गाणाऱ्याचा गळा आणि वाजवणाऱ्याचा गळा यांत आपण समजतो तेवढं अंतर नाही. आपल्याकडे 'गायकी अंग' म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे.

गॉर्मनच्या त्या थट्टेमागेही एक परंपरा होती, बरं का. त्याच्या सात वर्षं आधी, १९१७ मध्ये, 'ओरिजिनल डिक्सीलँड जाझ बँड'ची जी तबकडी निघाली ती जाझची पहिली तबकडी मानली जाते. तिच्यातल्या 'लिव्हरी स्टेबल ब्लूज'मध्ये कॉर्नेट घोड्यासारखं खिंकाळतं, ट्रॉम्बोन गाईसारखा हंबरतो आणि क्लॅरिनेट कोंबड्यासारखं आरवतं. लोक हसले, तबकडी धडाधड खपली. प्रतिष्ठित मंडळींनी नाकं मुरडली. म्हणजे आमच्या ग्रुपवर जे शेरे आले त्यांनाही चांगली शंभर वर्षांची परंपरा आहे! एवढाच फरक की त्या कोंबड्याला टाळ्या मिळाल्या, कारण लोकांना माहीत होतं की हा कोंबडा आहे. ओळखीचा आवाज काढला की नक्कल म्हणून कौतुक होतं. अनोळखी आवाज काढला की 'वाद्य बिघडलंय'.

आता ते दोन सूर.

पत्तीला कुठल्या नळीशी जमवून घ्यायचं ते बोटं ठरवतात. सगळी भोकं बंद म्हणजे लांब नळी, वरची उघडली की आखूड. पण खालची भोकं बंद ठेवून मधलंच एखादं भलतं भोक उघडलं तर? नळी धड लांब नाही, धड आखूड नाही. पत्ती दोन्हीकडे ओढली जाते, आणि ओठांचा दाब आणि जीभ नेमकी जमली तर ती कुठलीच बाजू न घेता दोन्ही बोलते. वर त्या दोघांच्या भांडणातून तिसरे-चौथे सूर निघतात ते वेगळेच. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे मला याला एकच शब्द सुचतो: जोडाक्षर. 'क्ष' हे काही बिघडलेलं 'क' नाही, की नीट न उच्चारलेलं 'ष' नाही. ते स्वतंत्र अक्षर आहे, आणि काढायला दोन्हींपेक्षा अवघड.

हे जोडाक्षर क्लॅरिनेटच्या बाराखडीत शिस्तीने बसवणारा माणूस म्हणजे विल्यम ओ. स्मिथ. १९२६ चा जन्म, २०२० मध्ये सिॲटलमध्ये गेले. या गृहस्थांची मला फार गंमत वाटते. जाझमध्ये ते बिल स्मिथ, डेव्ह ब्रुबेकच्या सुरुवातीच्या ऑक्टेटमधले आणि पुढे पुन्हा त्याच्या चमूत वाजवणारे. रचनाकार म्हणून मात्र विल्यम ओ. स्मिथ, दारिउस मिलो यांचे विद्यार्थी. एका माणसात दोन माणसं! त्यांनी एकेक बोटं उघडून-झाकून कुठल्या ठेवणीतून कुठले सूर एकत्र निघतात याच्या याद्या केल्या, अगदी चिकाटीने, आपल्याकडे कुणी पाणिनीच्या सूत्रांवर टिपणं काढावीत तशा. आणि १९६३ मध्ये 'व्हेरिअंट्स' ही एकट्या क्लॅरिनेटची रचना लिहिली. तिच्यात हे जोडसूर आहेत, वाजवताना गुणगुणणं आहे, पण ऐकताना यादी वाचल्यासारखं वाटत नाही. छोटे छोटे तुकडे, एकेकाचा स्वभाव वेगळा. पुढे ते दोन क्लॅरिनेट एकदम तोंडात धरूनही वाजवत. प्राचीन ग्रीकांचं जोडपावा-वाद्य, ऑलोस, त्यांच्या डोक्यात होतं.

स्मिथनंतर चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, इटलीच्या ब्रूनो बार्तोलोत्सी यांचं 'न्यू साउंड्स फॉर वुडविंड' हे पुस्तक ऑक्सफर्डने छापलं. त्यात बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून या चारही वाद्यांचे असे सूर बोटांच्या खुणांसकट दिले होते. पुस्तक फार गाजलं. आणि माझ्या मते इथेच थोडा घोटाळा झाला. तोवर हे सूर वादकाच्या ओठांत होते, आता ते कपाटात आले. कुठलाही रचनाकार पुस्तक उघडून, आकडा बघून, पानावर सूर मांडू लागला. पण या सुरांचं असं आहे की एका क्लॅरिनेटवर निघतील ते दुसऱ्यावर निघतीलच असं नाही. पत्ती बदलली, मुखपट्टी बदलली, हवा दमट झाली की खालचा सूर गायब! पुस्तकात बघून लिहिलेल्या अशा कितीतरी रचनांमध्ये वादक बिचारा जे निघत नाही ते काढण्याचा प्रयत्न करत बसतो. त्यापेक्षा वादकाला शेजारी बसवून, चहा पाजून, 'तुझ्या वाद्यातून काय निघतं ते दाखव' म्हणणारा रचनाकार मला जास्त शहाणा वाटतो. गर्श्विनने निदान कान उघडे ठेवले होते.

तेव्हा भाच्याच्या आक्षेपात तथ्य आहेच, नाही असं नाही. अशा संगीतात कचरा भरपूर आहे. काही रचना ऐकल्या की वाटतं, भांड्यांच्या दुकानात प्रत्येक भांडं वाजवून दाखवताहेत. आधी फटका, मग फरफर, मग दोन सूर, मग किंचाळी. एकही गोष्ट का आली ते कळत नाही. पण कचरा कशात नाही? नाट्यसंगीताच्या नावाखाली ताना मारून प्रेक्षकांना जेरीस आणणारे नट आपण पाहिलेच की. त्यावरून कुणी ताना बंद करा म्हटलं नाही.

माझं मुख्य म्हणणं पुढे आहे. 'विस्तारित' म्हणजे कशाच्या पलीकडचं? कुणाच्या कुंपणाच्या बाहेरचं? पॅरिसच्या संगीतशाळेत जो एक सूर आदर्श ठरला त्याच्या बाहेरचं, एवढाच त्याचा अर्थ. तो सूर सुंदर आहे, मला प्रिय आहे. पण क्लॅरिनेट त्या शाळेच्या बाहेर पडून कुठे कुठे गेलं ते बघा. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नांत गेलं, तिथे त्याने हुंदके शिकले. सूर मध्येच तुटतो, गळा दाटतो; त्याला त्यांच्या भाषेत 'क्रेख्त्स' असा खास शब्द आहे. नाफ्तुले ब्रांडवाइन हा त्यातला मोठा वादक, त्याच्या १९२० च्या दशकातल्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात. तुर्कस्तानात गेलं, तिथे लांब नळीचं, खर्जातलं क्लॅरिनेट मकामातले बारीक स्वर काढू लागलं. मुस्तफा कांदिराली ऐका. पाव सूर म्हणून युरोपातले रचनाकार जे मोठ्या हिकमतीने कागदावर लिहितात, ते या माणसाच्या बोटांत रोजच्या भाजी-भाकरीसारखं होतं.

आणि आपल्याकडे? तंजावरच्या सरफोजी राजांनी (आपलेच भोसले) एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला होता. त्याच शतकात क्लॅरिनेट तिकडच्या नृत्याच्या साथीला आलं आणि पुढे बराच काळ टिकलं. ज्या वाद्याला कारागिरांनी सतरा चाव्या लावून सूर सुटे सुटे केले, त्याच वाद्यावर दाक्षिणात्य वादकांनी गमक काढले! अर्धवट झाकलेली भोकं, ओठांचा दाब, घसा. तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन यांनी तर नागस्वरमची सगळी गायकी क्लॅरिनेटवर आणली. २००८ मध्ये त्यांना मद्रासच्या म्युझिक ॲकॅडमीने संगीत कलानिधी केलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या वादनाला कुणी 'विस्तारित तंत्र' म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. ते फक्त वादन होतं.

आमच्या लहानपणी मास्टर इब्राहिम यांच्या तबकड्या होत्या, हिंदी सिनेमातली गाणी क्लॅरिनेटवर. रेडिओ सिलोनवर लागायच्या. (आम्ही तेव्हा 'क्लॅरिओनेट' म्हणायचो, तबकडीवरही तसंच लिहिलेलं असायचं.) त्यातली मींड ऐकून कुणी 'हे वाद्याच्या नियमात बसत नाही' म्हटलं नाही, उलट 'अगदी गातंय हो!' म्हणून कौतुक झालं. आणि लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांचा जो क्लॅरिनेटवाला असायचा, गालांचे फुगे करून, बेंबीच्या देठापासून फुंकणारा, तो एका गाण्यात अशी किती तंत्रं वापरायचा ते संगीतशाळेने येऊन मोजायला हवं होतं.

त्याहूनही जवळचं उदाहरण आहे. वारली चित्रं आज उशांच्या अभ्र्यांवर, चहाच्या कपांवर, मेट्रोच्या भिंतींवर सगळीकडे आहेत. त्यात मधोमध एक माणूस लांबलचक वाद्य वाजवत असतो आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची गोल गोल साखळी असते. ते वाद्य म्हणजे तारपा. वाळवलेला भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या, आत प्रत्येकीला एकेक पत्ती, खाली ताडाच्या पानांचा कर्णा. एकेरी पत्ती आणि नळी, म्हणजे जातकुळीने हा क्लॅरिनेटचाच भाऊबंद. गारुड्याची पुंगीही त्याच कुळातली. नळ्या दोन असल्याने सूर दोन, आणि नाच थांबू द्यायचा नाही म्हणून श्वास तोडायचा नाही. गालात हवा साठवायची, ती गालांनी ढकलत असताना नाकाने नवी घ्यायची. याला इंग्रजीत 'सर्क्युलर ब्रीदिंग' म्हणतात. सनईच्या जोडीला सूर धरणाराही हेच करतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावर तीन नळ्यांचं लाउनेद्दास नावाचं वाद्य आहे, तिथेही हेच. जव्हार-मोखाड्याकडे ज्याला नुसतं 'वाजवणं' म्हणतात, त्याला संगीतशाळेत 'प्रगत विस्तारित तंत्र' म्हणून शिकवतात. पुंगीची आपल्याकडे गाजराच्या म्हणीपुरती किंमत राहिली, ही वेगळी गोष्ट.

म्हणून त्या मुलीने अमेरिकेत बसून दोन सूर काढले तेव्हा मला तरी ती घरापासून लांब गेली असं वाटलं नाही.

आता 'आधी सरळ वाजव' याबद्दल. शिक्षिका म्हणून मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. सरळ वाजवता यायलाच हवं, यात वाद नाही. पण सरळ आधी आणि वाकडं नंतर, असे दोन वेगळे वर्ग असतात का? मी तिला विचारलं, तू रियाज कसा करतेस? ती म्हणाली, आत्याआजी, रोज सकाळी अर्धा तास नुसते लांब सूर. मग बोटं न हलवता, फक्त जीभ आणि घशाची ठेवण बदलून त्याच सुराच्या वरचे स्वरांश काढायचे. हे दुसरं जे आहे ना, त्यातूनच जोडसूर येतात, आणि त्यातूनच साधा वरचा सूरही सुधारतो. ज्याला जोडसुरातला वरचा आणि खालचा सूर हवा तसा कमी-जास्त करता येतो, त्याच्या तोंडाची ठेवण किती पक्की असेल! दात पत्तीला टेकवून किंचाळ्या काढणं मात्र मला पसंत नाही, ओठांना आणि कानांना दोन्हींना त्रास. ते तिलाही सांगितलंय.

वर्गात मुलं शब्दांशी खेळतात, उलटे बोलतात, 'च'ची भाषा बोलतात. काही शिक्षकांना ते अशुद्ध वाटतं. माझा अनुभव असा की 'च'ची भाषा झरझर बोलणाऱ्या मुलाला अक्षरांची फोड आपोआप कळलेली असते. त्याला संधी शिकवायला वेळ लागत नाही.

पोटापाण्याचं काय, हा भाच्याचा खरा प्रश्न आहे, ते मला ठाऊक आहे. आईबापाची काळजी खोटी नसते. पण मोझार्ट वाजवून पोट भरतं आणि स्मिथ वाजवून भरत नाही, असं तरी कुठे आहे? वाद्यवृंदातली जागा एक सुटली की अर्ज शेकड्यांनी येतात, हे तीच सांगते. दोन्ही वाटा अरुंदच. मग जी तिला रात्री बारापर्यंत जागवते ती तिला धरू दे. आणि भाच्या, तू अठराव्या वर्षी इंजिनीअरिंग सोडून फोटोग्राफी करतो म्हणाला होतास तेव्हा तुझ्या बाजूने कोण बोललं होतं ते आठव. (हे इथे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.)

शेवटी एका सुराबद्दल सांगते. यात जोडसूर नाही, फटका नाही, काही नाही, तरी वाद्याची हद्द म्हणजे काय ते यातून कळतं. फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता. त्याच्याबरोबर आंरी अकोका नावाचा अल्जीरियात जन्मलेला ज्यू क्लॅरिनेटवादक होता. त्याच्यासाठी मेसियाँने एकट्या क्लॅरिनेटची एक रचना लिहिली. अकोकाने ती पहिल्यांदा उघड्या मैदानात वाचून बघितली, कागद धरायला आणखी एक कैदी उभा राहिला होता, तो चेलोवादक पास्किए. अकोका कुरकुरत राहिला की हे वाजणारं नाही. मेसियाँ म्हणे, वाजेल. पुढे ती रचना 'काळाच्या अंतासाठी चौकडी' या मोठ्या कृतीचा तिसरा भाग झाली, आणि १५ जानेवारी १९४१ रोजी ग्योर्लिट्झच्या छावणीत, कडाक्याच्या थंडीत, कैद्यांसमोर ती वाजली. तिच्यात एक लांब सूर आहे. तो शून्यातून सुरू होतो, इतका हळू की सुरू झाला कधी ते कळत नाही, आणि वाढत वाढत जातो, वाद्याला आणि फुप्फुसाला जेवढं शक्य आहे तिथपर्यंत. एकच सूर. बोटं हलत नाहीत. बासरी किंवा ओबोला असं अगदी शून्यातून उगवणं जमत नाही, क्लॅरिनेटला जमतं. अकोका त्या वर्षी एप्रिलमध्ये कैद्यांना नेणाऱ्या गाडीतून उडी मारून सुटला, क्लॅरिनेट काखेत घेऊन.

शून्यातून येण्याची ही खुबी हेल्मुट लाखेनमान या जर्मन रचनाकाराने १९७० मध्ये पार टोकाला नेली. रचनेचं नावच 'दाल नीएंते', म्हणजे शून्यातून. तिच्यात बराच वेळ सूर असा नसतोच. नळीतून वाहणारी हवा, चाव्यांचे आवाज, आणि मध्येच कुठे तरी सूर, डोकं वर काढून परत बुडणारा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तीन मिनिटांत बंद केलं. मला ती रचना आजही पूर्ण आवडते असं म्हणणार नाही. पण तिच्यामुळे झालं काय, की नंतर कुठलंही क्लॅरिनेट ऐकताना मला सुराच्या आधीचा श्वास ऐकू यायला लागला. मोझार्टमध्येसुद्धा. तो आधीही होताच की.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी क्रम चुकवू नये. आधी 'ऱ्हॅप्सडी'ची जून १९२४ मधली जुनी तबकडी, गॉर्मन आणि खुद्द गर्श्विन यांची. खरखर आहे, चालवून घ्या. मग नटराजन. मग मेसियाँचा तो तिसरा भाग, 'पक्ष्यांची दरी' अशा अर्थाचं त्याचं नाव आहे. मग स्मिथचे 'व्हेरिअंट्स', आणि ते मोबाईलच्या स्पीकरवर नको, त्याच्यावर जोडसुरातला खालचा सूर येतच नाही आणि उरते ती नुसती शिट्टी. लाखेनमान सगळ्यात शेवटी, रात्री, खिडक्या लावून. पंखाही बंद करा, पंख्याच्या आवाजात त्यातलं निम्मं जातं.